कण्यातला फेरीवाला

डॉ. सीगबर्ट शॉटलेंडर आमच्या बांधणीच्या कारखान्यात कामाला आले तेव्हा त्यांना खळ शिजवता येत नव्हती. साल १९३८. हैफाच्या हदार भागात, बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला आमचा कारखाना होता. दोन टेबलं, एक दाबयंत्र, एक कापायचं यंत्र आणि एक मालक, म्हणजे मी. मी फ्यूर्थचा. बाप बाइंडर, आजा बाइंडर. डॉक्टर ब्रेस्लाउचे. दोघेही जर्मनीतून निघालेले ज्यू. ते रोग्यांचे डॉक्टर नव्हते. जर्मन साहित्यावर प्रबंध लिहून पदवी मिळवली होती. हैफात तशा डॉक्टरांचं कुणालाच काम नव्हतं.

पहिली तीन वर्षं त्यांचे कोपरे वाईट होते. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर कापड दुमडताना चिमटीत धरून एकदाच ओढायचं असतं. ते तीनदा ओढत, आणि तिन्ही वेळा भीत भीत. शिवायला घेतलेला फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचा जुडगा, आधी वाचत. शाळेचं भूगोलाचं पुस्तक असो नाहीतर बंदराचं नियमपुस्तक, वाचल्याशिवाय सुई लावायची नाही. आम्ही एकमेकांना जर्मन रीतीने 'हेर', म्हणजे श्रीमान, म्हणत असू.

"हेर डॉक्टर, मी अकरा शिवले. तुमचा कितवा?"

"चौथा. पण हेर बेख्मान, यात बोस्फरसची लांबी चुकली आहे."

"चुकू द्या. आपण लांबी बांधत नाही."

चौथ्या वर्षी कोपरे जमले. मी पुढचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. जमलं म्हणजे जमलं.

आम्ही चौतीस वर्षं समोरासमोर बसलो आणि एकमेकांना कधी अरे म्हणालो नाही. दुपारी दोन ते चार कारखाना बंद. ते घरी जाऊन आडवे होत, मीही. बाकी वेळी ते कमी बोलत. त्यांचं हिब्रू पुस्तकातलं होतं. प्रत्येक वाक्य आधी मनात पूर्ण करून मग तोंडावाटे काढत, तोवर भाजीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असे. लढाईच्या वर्षांत बसमध्ये कुणी जर्मन बोललं की लोक अंगावर येत. डॉक्टर मग बसमध्ये गप्प राहत आणि कारखान्यात आल्यावर दिवसभराचं जर्मन बोलून टाकत.

एकदा डबा खाताना म्हणाले, "त्यांनी मला देशातून काढलं. ठीक आहे. देश त्यांचा होता म्हणे. पण भाषेतून काढायचा अधिकार त्यांना कुणी दिला?"

"मला भाषेतून कुणी काढलं नाही," मी म्हणालो. "मी तीत मापं आणि शिव्या एवढंच शिकलो. त्या कोण हिसकावून घेणार?"

ते हसले. क्वचितच हसत.

१९४९ च्या उन्हाळ्यात गावात कशाचाही पत्ता नव्हता. अंडी नाहीत, साबण नाही, कागद तर नाहीच. आणि त्यातच वरच्या गल्लीतल्या सिनेगॉगचं, आमच्या प्रार्थनामंदिराचं, काम आलं: शनिवारच्या शब्बाथच्या प्रार्थनांची एकशे वीस पुस्तकं, नव्या वर्षाच्या सणाआधी. छापील फर्मे त्यांनी आणून दिले. पुठ्ठा जुन्या खोक्यांचा कापला. कापड पालाचं मिळालं. अडलं ते कण्याच्या अस्तरावर. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीवर, म्हणजे कण्यावर, कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवाव्या लागतात. त्या नसतील तर वर्षभरात पाठ खचते आणि पानं गळायला लागतात. अस्तराला दमदार कागद लागतो. आमच्याकडे वर्तमानपत्रही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुतळीने बांधलेलं एक गाठोडं घेऊन आले. आत न शिवलेले दहा फर्मे.

"हे काय?"

"प्रबंध."

"कुणाचा?"

"माझा. एवढी एकच प्रत आहे. चामड्यात बांधून घेणार होतो, विद्यापीठात नेमणूक झाल्यावर."

"मग?"

"मग नेमणूक झाली नाही."

मी पान बोटांत धरून पाहिलं. चिंध्यांच्या लगद्याचा कागद. असला कागद मी बापाच्या मृत्यूनंतर पाहिला नव्हता. प्रबंधाचं नाव होतं 'जर्मन कथांमधला फेरीवाला'. पाठीवर गाठोडं घेऊन खेड्यापाड्यांतून सुया-बटणं विकत हिंडणारा ज्यू. त्याला जर्मनांनी गोष्टींत कसा लिहिला, आणि मग ज्यू लेखकांनी जर्मनमधूनच तोच माणूस कसा लिहिला.

डॉक्टर हिशेब करूनच आले होते. "ऐंशी पानं. एका पानाच्या तीन पट्ट्या. दोनशे चाळीस. पुस्तकं एकशे वीस, एका कण्याला दोन. बरोबर पुरतो."

"हेर डॉक्टर, पवित्र पुस्तकाच्या आत कोरा कागद घालायचा असतो. बापाने मला हे पहिल्या दिवशी सांगितलं."

"तुमच्याकडे कोरा कागद आहे?"

नव्हता. सिनेगॉगला सांगायचं नाही असं ठरलं.

मी पानं यंत्राखाली उभी लावली. डॉक्टरांनी हात मध्ये घातला. "आडवी कापली तर? आडव्या पट्टीत पुऱ्या ओळी राहतील. उभ्या कापल्या तर प्रत्येक ओळीचे तुकडे होणार."

कागदालाही कापडासारखा धागा असतो. अस्तराचा धागा कण्याच्या दिशेनेच हवा, नाहीतर खळ वाळताना कागद ओढतो आणि पाठ तडकते. त्या पानांचा धागा उभा होता.

"आडवी कापली तर दोन वर्षांत तडकेल," मी म्हणालो.

त्यांनी पानं पुन्हा उभी सारखी केली. मग म्हणाले, "उभी कापा." आणि यंत्राचा दांडा स्वतःच ओढला. दहा वेळा ओढावा लागला.

ती एकशे वीस पुस्तकं सणाच्या चार दिवस आधी पोचली. प्रबंधाचा विषय पुन्हा निघाला नाही, बावीस वर्षं.

१९७१ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांना जर्मनीतून पत्र आलं. व्हिब्के हार्म्स नावाची कुणी तरुण संशोधक. तिला बत्तीस सालच्या एका यादीत प्रबंधाचं नाव सापडलं होतं. विद्यापीठातल्या प्रती तेहेतीसनंतर काढून टाकलेल्या. बाहेर कुठे असल्या तर त्या लढाईत शहराबरोबर गेल्या. तिने सतरा ग्रंथालयांना विचारलं होतं. आपली स्वतःची प्रत असल्यास पाठवावी. प्रस्तावना लिहून पुन्हा छापायची आहे. प्रकाशक तयार आहे, मात्र जूनपर्यंत हवी.

डॉक्टर तेव्हा चौसष्टांचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पायऱ्या चढताना दर वळणावर थांबत. पत्र त्यांनी टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि ते खळ ढवळायला लागले. खळ ढवळायची गरज नव्हती.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मी जन्मात एकच गोष्ट लिहिली, हेर बेख्मान."

"ती मी कापली."

"दांडा मी ओढला."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं सिनेगॉगमध्ये गेलो. तिथली देखभाल गेट्झल करत असे. पूर्व युरोपातल्या गॅलिशियातला, बुटका, दमेकरी, जिभेचा तिखट. दारातच त्याने आमच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

"दोन येके, तेही ठरवल्याशिवाय! कोण वारलं?" येके म्हणजे आम्ही जर्मन ज्यू, वेळ ठरवल्याशिवाय कुठे न जाणारे.

डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं, त्यांच्या पुस्तकी हिब्रूत, एकही वाक्य न गाळता. कागद नव्हता, प्रबंध होता, तो कण्यांत घातला, सांगितलं नाही. गेट्झल ऐकत होता. लढाईत त्याच्या गावातून तो एकटा वाचला होता आणि बाकीच्यांसाठी कदीश, मृतांची प्रार्थना, म्हणत असे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"कोणत्या भाषेत?" त्याने विचारलं.

"जर्मन."

तो बाकावर बसला.

"म्हणजे बावीस वर्षं मी त्यांच्यासाठी कदीश म्हणतोय," तो म्हणाला, "आणि हातातल्या पुस्तकाच्या पाठीत जर्मन."

"होय," डॉक्टर म्हणाले. "मला क्षमा मागायची आहे."

"मागू नका. तुम्ही क्षमा मागायला लागलात की मध्यरात्र होईल." तो थांबला. "आहे काय त्यात? कशाबद्दल?"

"फेरीवाल्याबद्दल. गाठोडं घेऊन हिंडणारा."

"काय विकणारा?"

"सुया, रिबिनी, बटणं."

"माझा बाप बटणं विकायचा," गेट्झल म्हणाला. "शिंगाची. वीस गावं होती त्याची." मग उठून त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं.

फाटलेलं पवित्र पुस्तक आमच्यात फेकत नाहीत. ते पोत्यात साठवतात आणि पुष्कळ वर्षांनी, पोतं भरलं की, दफनभूमीत पुरतात. इथलं पहिलंच पोतं वल्हांडणाच्या सणाआधी जाणार होतं, म्हणजे साडेतीन आठवड्यांनी. पोत्यात आमची चौतीस पुस्तकं निघाली. कव्हरं गेलेली, पानं गळालेली, काही उंदरांनी खाल्लेली.

"चौतीस न्या," गेट्झल म्हणाला. "पण परत आणायची. पानन् पान. आणि आत जे निघेल तेही."

"ते तर प्रार्थनेतलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"पवित्र पुस्तकाला चिकटलेलं तेही पवित्र. कव्हर, दोरा, खळसुद्धा. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला हेही ठाऊक नाही? तुमचा फेरीवाला बावीस वर्षं तिकीट न काढता आमच्यात बसून प्रार्थना करतोय. आता त्याला आमच्याबरोबरच पुरायचं."

त्यानंतर रोज साडेसहाला काम आटपलं की आम्ही दोन तास बसत असू. कण्यावर पातळ खळ लावायची, ओलं फडकं ठेवायचं, वीस मिनिटं थांबायचं. मग हाडाची पट्टी एका टोकाला सरकवायची आणि कागद वर उचलायचा. ओढायचं नाही. उचलायचं. सरस लावला असता तर काहीच निघालं नसतं. आम्ही खळ वापरली होती म्हणून निघत होतं. एका पुस्तकाला पाऊण तास. पहिल्या चार पट्ट्या डॉक्टरांनी फाडल्या. मग उचलायचं काम मी घेतलं आणि ते पट्ट्या काचेवर वाळवून नक्कल करू लागले.

पट्टी चार सेंटिमीटर रुंद. प्रत्येक ओळीचा तिसरा हिस्सा, त्याहूनही कमी. शेजारची पट्टी दुसऱ्याच पुस्तकात. काही ठिकाणी नशिबाने दोन जोडीच्या पट्ट्या मिळत, आणि ओळ जुळे. बहुतेक ठिकाणी नाही. आडव्या कापल्या असत्या तर पाठी तडकून आमची कितीतरी जास्त पुस्तकं पोत्यात सापडली असती, आणि ओळीही शाबूत असत्या. हे दोघांनाही कळत होतं.

डॉक्टर मधली मोकळी जागा मोजून सोडत. चार सेंटिमीटर मजकूर, आठ सेंटिमीटर कोरं.

"भरून टाका," मी एकदा म्हणालो. "तुमचंच तर आहे."

"माझं होतं. आठवत नाही. पंचविशीतल्या माणसाच्या तोंडात मी आता शब्द कसे घालू? तो माझ्याहून हुशार होता."

त्यांची मुलगी नाओमी एकदा कारखान्यात आली, त्यांची औषधं घेऊन. ती इथेच वाढलेली, जर्मन तिला स्वयंपाकघरापुरतं येत होतं. काचेवरच्या पट्ट्या बघून म्हणाली, "अब्बा, काय लिहिलंय? सांग ना." डॉक्टरांनी एक जुळलेली ओळ तिला हिब्रूत सांगायला सुरुवात केली, थांबले, पुन्हा सुरुवात केली. मग म्हणाले, "हिब्रूत ते तसं नाही." ती औषधं ठेवून गेली. नंतर ते म्हणाले, "मी तिच्याशी रागावल्यासारखा बोललो का?" मी हो म्हणालो.

गेट्झल मात्र रोज येऊ लागला. म्हणायचा, पुस्तकांवर नजर ठेवायला येतो. स्टुलावर बसायचा, चहा मागायचा आणि विचारायचा, "आज कुठवर पोचला?" जर्मनशी मिळत्याजुळत्या त्याच्या यिद्दिश बोलीवरून त्याला जर्मन निम्मं कळत होतं. फेरीवाल्याला कुत्रा चावला की म्हणायचा, "बरोबर आहे, कुत्री चावतातच." शेतकऱ्याच्या बायकोने त्याला ओसरीवर बसवलं की म्हणायचा, "हे कुणी ज्यूने लिहिलं असणार. खरी बायको फाटकापाशीच उभी करते."

"ते जर्मनानेच लिहिलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग त्याची आई चांगली असेल."

एकविसाव्या दिवशी शेवटच्या प्रकरणाची एक पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती ओळखली. त्या प्रकरणात त्यांनी सगळ्या गोष्टी सोडून स्वतःचं म्हणणं मांडलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "शेवटी फेरीवाला दार ठोठावतो, आत येतो, ओझं खाली ठेवतो आणि—"

"आणि?" गेट्झल म्हणाला.

"पट्टी संपली."

"आणि काय, हेर डॉक्टर? बसतो? जेवतो? विकतो काही?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही! तुम्ही लिहिलंत!"

"आठवत नाही," डॉक्टर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी पट्टी काचेवर ठेवली. "संपूर्ण प्रबंध त्या वाक्यासाठी लिहिला होता, एवढं आठवतं."

पोत्यातल्या उरलेल्या पुस्तकांत पुढचा तुकडा नव्हता. पोतं जायला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी गेट्झलने आम्हाला सिनेगॉगमध्ये बोलावलं. त्याने कपाट उघडून ठेवलं होतं. आमची उरलेली शहाऐंशी पुस्तकं ओळीने उभी होती, वापरातली, पाठी झिजलेल्या पण शाबूत.

"मी चहा प्यायला जातोय," तो म्हणाला. "लांब. तुम्ही काय करता ते मी पाहिलं नाही. त्या बाप्याने गाठोडं ठेवून काय केलं ते मला कळलं पाहिजे."

तो खरंच गेला. डॉक्टर कपाटापुढे उभे राहिले. माझ्या खिशात सुरी होती आणि ती त्यांना दिसत होती. शहाऐंशी पुस्तकं उघडायला दोघांना दोन महिने लागले असते. जूनपर्यंत जमलं असतं. पुन्हा बांधायला मात्र चांगला कागद, चांगलं कापड, आणि पंचेचाळिशीतले हात हवे होते. त्यांनी विचारलं असतं तर सुरी दिली असती.

त्यांनी एक पुस्तक काढलं. मधोमध उघडून टेबलावर सपाट ठेवलं आणि कण्यावर अंगठा दाबून फिरवला, मी त्यांना शिकवलं होतं तसा. मिटलं. पुन्हा उघडलं. एकही पान हललं नाही. मग दुसरं काढलं. अशी अकरा पाहिली.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "दर शब्बाथला हाताळलेली."

"हो."

"आडवी कापली असती तर?"

"एकही राहिलं नसतं."

त्यांनी पुस्तकं एकेक करून परत लावली. अकरावं हातात धरून उभे राहिले. "हेर बेख्मान, हे काम चांगलं आहे का?"

मी ते हातात घेऊन पाहिलं. घाई केली नाही. "चांगलं आहे," मी म्हणालो. "कोपरे सोडून."

"कोपरे माझे आहेत."

"म्हणूनच."

त्यांनी ते पुस्तक जागेवर ठेवलं आणि कपाट बंद केलं. "राहू द्या," म्हणाले, आणि तिथेच बाकावर बसले. गेट्झल परत येईपर्यंत उठले नाहीत.

"काय केलं त्याने?" गेट्झलने दारातूनच विचारलं.

"अजून ओझं खाली ठेवतोच आहे," डॉक्टर म्हणाले.

गेट्झल त्यांना जे बोलला ते मी लिहीत नाही. पण पोतं त्याने वेळेवर भरलं. अडुसष्ट पट्ट्या डॉक्टरांनी मोजून दिल्या, फाटलेल्या चारसुद्धा. दफनभूमीत आम्ही तिघेच होतो. खड्डा आधी खणलेला होता, फार खोल नव्हता. तशी माती लोटायला कष्ट पडत नाहीत, पण डॉक्टर दोनदा थांबले.

नक्कल त्यांनी मे महिन्यात पाठवली. एक्केचाळीस पानं, मोकळ्या जागा मोजून सोडलेल्या. नोव्हेंबरात कुमारी हार्म्सचं उत्तर आलं. सभ्य पत्र होतं. अशा अवस्थेत प्रकाशक छापू शकत नाही, तिला फार वाईट वाटतं, पण स्वतःच्या पुस्तकात तिने डॉक्टर शॉटलेंडर यांचा उल्लेख तळटीपेत केला आहे. डॉक्टरांनी पत्र वाचलं, घडी घातली. "तळटीपही कुणीतरी वाचतं," म्हणाले. दोन वाजले होते. ते झोपायला घरी गेले.

ते १९७३ च्या जानेवारीत गेले, झोपेत, दुपारच्या. त्याच वर्षी मी काम सोडलं. दाबयंत्र विकलं, सुरी आणि हाडाची पट्टी ठेवली.

गेट्झल अजून आहे, दमाही आहे. त्या शहाऐंशीतलं एखादं पुस्तक मोडलं की तो ते पोत्यात टाकत नाही. तीन मजले चढून माझ्याकडे आणतो, धापा टाकत खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "उघडा." मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कण्याला खळ लावतो, फडकं ठेवतो. वीस मिनिटं तो गॅलिशियातल्या बटणांबद्दल बोलतो. मग मी पट्टी उचलून, काचेवर धरून, जेवढी ओळ आहे तेवढी वाचतो. आतापर्यंत नऊ उघडली. फेरीवाल्याने पुढे काय केलं ते सापडलेलं नाही.

वाचून झालं की पट्टी वाळवतो आणि त्याच कण्यावर परत चिकटवतो, धागा उभा ठेवून. कागद अजून चांगला आहे.